राखीच्या गाण्यातली ती मुलगी

परवा राखीपौर्णिमेला मिठाईच्या दुकानात रेडिओवर तेच नेहमीचं गाणं लागलं. भाचीने विचारलं, "मामा, सिनेमात हे कोणावर आहे?" जुन्या सिनेमांचं वेड असलेल्याला एवढं निमित्त पुरतं!

सिनेमा 'छोटी बहन', साल १९५९. पडद्यावर नंदा.

अभिनेते-दिग्दर्शक मास्टर विनायकांची ही लेक. १९४७ मध्ये वडील गेले आणि घर उघड्यावर पडलं. मग 'बेबी नंदा' शाळकरी वयातच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

नात्यातल्याच व्ही. शांतारामांनी १९५६ मध्ये 'तूफान और दिया'त तिला मोठी भूमिका दिली. पुढे 'आंचल'साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअरही मिळालं.

पण 'छोटी बहन'मधल्या आंधळ्या मीनामुळे बहिणीचा शिक्का बसला तो बसलाच. तो पुसायला 'जब जब फूल खिले' (१९६५) यावा लागला. त्यातल्या नायकाचा, शशी कपूरचा, जम बसला नव्हता, तेव्हापासून ती त्याच्यासोबत काम करत होती, हे मला विशेष वाटतं.

आणि हो, राखीचं ते गाणं गाणाऱ्या लताबाईंनीही उमेदवारीत मास्टर विनायकांच्याच कंपनीत काम केलं होतं.

नंदाचाच 'इत्तेफाक' (१९६९) कोणी पाहिलाय? शेवट न फोडता सांगा. बाकी काही विचारायचं असेल तर खाली लिहा.