स्त्रियांची केशगळती : तेलापूर्वी निदान

केस गळतात म्हणून येणारी स्त्री बहुधा तेलाचेच नाव विचारते. वैद्याने आणि औषधविक्रेत्यानेही तेल देण्यापूर्वी कारण विचारणे अगत्याचे आहे.

केस हे अस्थिधातूचे मल होत. वातासह पित्त रोमकूपात जाऊन केस पाडते व पुढे रक्तासह कफ रोमकूप रोधतो, अशी खालित्याची संप्राप्ती सुश्रुतांनी वर्णिली आहे. रजःस्रावामुळे स्त्रियांना खालित्य होत नाही, असे मत माधवनिदानाच्या मधुकोश टीकेत उद्धृत आहे. प्रत्यक्षात रजोनिवृत्तीनंतर भांग रुंदावलेल्या स्त्रिया नित्य आढळतात. म्हणून त्या मताच्या आधारे तक्रार डावलू नये.

प्रसूती वा तीव्र ज्वरानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. तेथे धीर देणे हीच अर्धी चिकित्सा. तरुणीत अनियमित पाळी व चेहऱ्यावर राठ लव असल्यास बीजकोशविकाराचा विचार करावा. अतिरजःस्राव असल्यास पांडुरोग शोधावा. हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. टाळूची त्वचा व्रणवस्तूने गुळगुळीत झाली असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे, कारण नष्ट झालेले रोमकूप परत येत नाहीत.

कारणानुरूप चिकित्सेस आमलकी, भृंगराजतेलाचा शिरोभ्यंग व नस्य यांची जोड द्यावी. केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतो. सबब ३ ते ६ महिन्यांपूर्वी गुण ठरवू नये. वार्धक्यातील पालित्य हा कालस्वभाव आहे. ते काळे करून देण्याचे आश्वासन देणाऱ्यावरील विश्वास पहिल्या बाटलीबरोबरच संपतो.