काळ्या गोट्यांचा किनारा

नागपूरला समुद्र नाही ही तुमची जुनीच तक्रार. 'बाबा, समुद्रावर चला ना!' म्हटलं की बाबा फुटाळ्यावर नेतात आणि हातात भुट्टा देतात! आज मात्र आपण खऱ्याखुऱ्या समुद्रावर जाऊ. तोही मुंबई-गोव्याचा नव्हे, पार उत्तरेकडचा. आइसलँडचा.

नकाशा उघडा. अटलांटिक महासागरात, उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकलेलं एक बेट दिसेल. तेच आइसलँड. अख्ख्या देशाची वस्ती सुमारे चार लाख. २०११च्या जनगणनेत आपल्या एकट्या नागपूर शहरात चोवीस लाखांवर माणसं होती, बरं का!

राजधानी रेक्याविकहून मोटारीने साधारण २०० किलोमीटर गेलं, की जमिनीचं एक लांबट टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. त्याच्या शेवटी स्नायफेल्सयोकुल नावाचा बर्फाची टोपी घातलेला ज्वालामुखी आहे. ज्यूल व्हर्नच्या १८६४ सालच्या कादंबरीतले वीर पृथ्वीच्या पोटात उतरतात ना, ते याच डोंगरातून. त्याच्या पायथ्याशी आपला किनारा आहे. नाव जरा अवघड आहे, दमाने वाचा : द्यूपालोन्ससांदुर.

मोटार वर ठेवायची आणि लाव्हाच्या उंच खडकांमधून पायी उतरायचं. या पाऊलवाटेचं तिथलं नाव 'बैलवाट' अशा अर्थाचं आहे. खाली पोचलात की वाळू शोधू नका. सगळीकडे काळे, गुळगुळीत गोटे! गाव नाही, दुकान नाही. गर्दीची वेळ टाळून गेलात तर माणूसही नाही. लाट मागे सरते तेव्हा मात्र गोटे एकमेकांवर घासतात आणि सुपात हरभरे घोळवावेत तसा आवाज येतो.

हे गोटे आले कुठून? ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रापर्यंत वाहत आला, थिजला, त्याचा काळा खडक झाला. लाटांनी त्याचे तुकडे पाडले आणि एकमेकांवर घासून घासून त्यांचे कोपरे उडवले. या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. आणि गंमत म्हणजे तो तुमच्या ओळखीचा आहे! आपली सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टचीच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर जो लाव्हा पसरला, त्याची पूर्वेकडची कड नागपूरपाशी येते.

किनाऱ्यावर चार मोठे धोंडे ठेवलेले आहेत. वजनं ऐका : २३, ५४, १०० आणि १५४ किलो. नावांचे अर्थही मजेदार. सर्वांत हलका 'बिनकामाचा', मग 'अर्ध्या वाट्याचा', 'अर्ध्या बळाचा' आणि 'पूर्ण बळाचा'. शेजारच्या द्रितविक खाडीत पूर्वी मासेमारीचा मोठा तळ होता. नावेवर काम मागायला आलेल्या पोरांना हे धोंडे कमरेइतक्या उंच कठड्यावर ठेवून दाखवावे लागत. निदान ५४ किलोचा उचलला नाही, तर नावेवर जागा नाही! सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, यावरून अंदाज करा. (घरी कुणी प्रयोग करू नका. आई-बाबांनीसुद्धा!)

परीक्षा एवढी कडक का? उत्तर गोट्यांमध्येच पडलं आहे. लोखंडाचे गंजलेले तुकडे दिसतात ना, ते 'एपाइन' या इंग्लिश मासेमारी जहाजाचे. १३ मार्च १९४८ रोजी ते इथे खडकांवर आपटलं. १४ जण बुडाले, फक्त ५ वाचले. त्यांची आठवण म्हणून ते तुकडे तिथून कुणी हलवत नाही. तेव्हा पाण्यात उतरायचं नाही आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. इथली लाट शांत दिसता दिसता माणसाला आत ओढते.

आता निघायची वेळ. एखादा गोटा खिशात टाकावासा वाटतोय? थांबा! २००१पासून हा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे आणि गोटे नेण्याची मनाई आहे. तुम्ही म्हणाल, 'एकाने काय फरक पडतो?' येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. एक गोटा घडवायला समुद्राला किती लाटा खर्चाव्या लागतात, आणि खिशात टाकायला आपल्याला एक क्षण पुरतो! ते भले मोठे धोंडेही किती हातांनी उचलले. पण उचलणाऱ्याने ते तिथेच ठेवले, म्हणून आज आपल्याला दिसतात.

आइसलँडला जाणं कधी जमेल, न जमेल. पण टेकडीच्या गणपतीला जाल तेव्हा तिथल्या काळ्या खडकावर हात ठेवून पाहा. दूरच्या त्या गोट्यांचा हा थोरला भाऊच. आणि सहलीला एखाद्या नदीकाठी सुंदर गोटा सापडला तर? उचला, डोळे भरून पाहा आणि परत ठेवा. तुमच्यामागून येणाऱ्यालाही तो सापडायला हवा. ठेवाल ना?