लिनक्स प्रणालीतील पॅकेज व्यवस्थापन : फ्रंट-एंड व बॅक-एंड यांचा तुलनात्मक परिचय

प्रास्ताविक :
लिनक्स प्रणालीवर सॉफ्टवेअर 'पॅकेज' या स्वरूपात उपलब्ध होते. एका पॅकेजला चालण्यासाठी बहुधा इतर अनेक पॅकेजेस लागतात. या परस्परावलंबनाची व्यवस्था दोन स्तरांवर होते. वापरकर्त्यास सहसा वरचाच स्तर दिसतो. म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी संगणक प्रयोगशाळा चालविताना मात्र खालच्या स्तराचे ज्ञानही तितकेच आवश्यक ठरते.

बॅक-एंड :
डेबियन परिवारातील 'डीपीकेजी' (आरंभ १९९४, इयान मरडॉक) आणि रेड हॅट परिवारातील 'आरपीएम' (१९९५) हे बॅक-एंड होत. हाती दिलेले पॅकेज उलगडणे, फाईली योग्य जागी ठेवणे, त्यांची नोंद राखणे व गरजेनुसार ते काढून टाकणे ही त्यांची कार्ये आहेत. पूरक पॅकेज नसल्यास ते तशी सूचना देतात; पण ते स्वतः मिळवून आणत नाहीत. अशा वेळी आरपीएम सामान्यतः काम नाकारतो, तर डीपीकेजी पॅकेज उलगडून बहुधा अर्धवट स्थितीत ठेवतो.

फ्रंट-एंड :
१९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आलेला 'एपीटी' आणि फेडोरात २०१५ मध्ये 'यम'ची जागा घेणारा 'डीएनएफ' हे फ्रंट-एंड होत. भांडारातील याद्या वाचणे, पूरक पॅकेजेस शोधणे, ती उतरवून घेणे व त्यांची सत्यता तपासणे ही कामे ते करतात. प्रत्यक्ष स्थापनेचे काम मात्र बॅक-एंडकडेच असते. 'सिनॅप्टिक' हा एपीटीचाच चित्रमय चेहरा आहे. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तेथेही हीच जोडी आढळते.

तुलना व उपयोजन :
सारांशाने, बॅक-एंडला हातातील पॅकेज व संगणकावरील नोंदी एवढेच ज्ञात असते, तर फ्रंट-एंडला संपूर्ण भांडार ज्ञात असते. म्हणूनच फ्रंट-एंड सोयीचा आहे. पण भांडारापर्यंत पोहोचता आले नाही, तर त्याची ही सोय संपते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर श्रीवर्धन व म्हसळा परिसरात वीज व दूरसंपर्क सेवा अनेक दिवस विस्कळीत होत्या. वीज परतली तरी इंटरनेट नसेल, तर दूरच्या भांडारावर विसंबलेली प्रयोगशाळा नवे सॉफ्टवेअर बसवू शकत नाही.

यावर उपाय दोन्ही स्तरांच्या समन्वयात आहे. जोडणी असताना एपीटीला 'केवळ उतरवून घे' अशी आज्ञा देऊन पूरक पॅकेजेससह संच साठवावा. तीच आवृत्ती व तीच मूळ पॅकेजेस असलेल्या इतर संगणकांवर तो संच डीपीकेजीला एकत्रित द्यावा. एकेक पॅकेज दिल्यास क्रम चुकून स्थापना अर्धवट राहू शकते. तशी राहिलीच, तर एपीटीची दुरुस्तीची आज्ञा ती पूर्ण करू शकते. मात्र उणे असलेले पॅकेज तिला उपलब्ध असावे लागते.

समारोप :
दोन्ही स्तर परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. अध्यापनात केवळ फ्रंट-एंडच्या आज्ञा पाठ करून घेतल्यास विद्यार्थी सुस्थितीतील जोडणीवरच अवलंबून राहतो. त्यामुळे प्रात्यक्षिकात किमान एक तास जोडणी काढून ठेवून पॅकेज बसविण्यास द्यावा.