सस्पेन्शन लिफ्ट

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे मोटारवाहनाच्या सस्पेन्शनमध्ये बदल करून त्याची चौकट (चॅसी) आणि सांगाडा (बॉडी) चाकांच्या तुलनेत मूळ उंचीहून वर उचलणे. खडकाळ, चिखलाच्या किंवा वाळूच्या वाटांवर चालणाऱ्या चारचाकी-चालित वाहनांत हा बदल बहुधा मोठ्या टायरांच्या जोडीने केला जातो. सुझुकी सामुराई, मारुती जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीप आणि जीप चेरोकी ही असे बदल मोठ्या प्रमाणावर झालेली जुनी वाहने आहेत. लिफ्ट आणि टायर यांची निवड परस्परावलंबी असते. या निवडीचा परिणाम वाहनाच्या अडथळे ओलांडण्याच्या क्षमतेवर तर होतोच, शिवाय स्थैर्य, ब्रेक, स्टिअरिंग आणि चालनयंत्रणेच्या आयुष्यावरही होतो.

## उद्देश आणि मर्यादा

लिफ्टमुळे चौकट, इंधनटाकी, गिअरपेटी आणि बंपर जमिनीपासून वर जातात. त्यामुळे चढाला भिडतानाचा प्रवेशकोन, चढ उतरतानाचा निर्गमकोन आणि उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये घेतानाचा मध्यकोन हे तिन्ही कोन वाढतात. मोठ्या टायरांसाठी मडगार्डखाली जागाही मिळते.

मात्र अखंड अ‍ॅक्सल असलेल्या वाहनात सर्वांत खालचा भाग डिफरन्शियलचा गोळा हा असतो आणि तो अ‍ॅक्सलवरच असल्यामुळे सस्पेन्शन कितीही उचलले तरी जागचा हलत नाही. त्याची जमिनीपासूनची उंची केवळ टायरच्या त्रिज्येने वाढते. दगड डिफरन्शियलला लागत असतील तर उपाय टायरमध्ये असतो. दगड चौकटीला किंवा बंपरला लागत असतील तर लिफ्टमध्ये. म्हणून निवडीचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे ठेवला जातो: आधी वापराचे स्वरूप, मग त्याला पुरेसे टायर, मग त्या टायरांना लागणारी किमान लिफ्ट आणि शेवटी या दोहोंमुळे आवश्यक ठरणारे ब्रेक, गिअर व स्टिअरिंगमधील बदल.

## उंची वाढवण्याच्या पद्धती

### कमानपाट्यांची सस्पेन्शने

जुन्या जीप आणि मारुती जिप्सी यांना पुढे व मागे दोन्हीकडे कमानपाटे असतात. अशा वाहनांत उंची वाढवण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

* अधिक बाक असलेले नवे पाटे. हा सर्वांत खर्चिक, पण सर्वांत समतोल उपाय मानला जातो. जुने पाटे वर्षानुवर्षांच्या भाराने बसलेले असतात. त्यामुळे नव्या मूळ पाट्यांनीही काही उंची परत मिळते.
* जादा पाटा घालणे. खर्च कमी येतो, परंतु सस्पेन्शन कडक होते आणि चाकाची वर-खाली हालचाल घटते. रिकाम्या, हलक्या वाहनात हा दोष अधिक जाणवतो.
* लांब शॅकल. पाट्याचे एकच टोक शॅकलला जोडलेले असल्यामुळे शॅकल जितके लांब केले त्याच्या सुमारे निम्मीच उंची अ‍ॅक्सलपाशी मिळते. ५० मिलिमीटर लांबीला सुमारे २५ मिलिमीटर. पाटा तिरपा झाल्याने अ‍ॅक्सलही किंचित फिरतो आणि शॅकल फार लांब असल्यास वाहन बाजूला डुलते.
* ठोकळे. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये धातूचा ठोकळा बसवला जातो. ही पद्धत फक्त मागील अ‍ॅक्सलसाठी वापरतात. पुढील अ‍ॅक्सलवर ब्रेक आणि स्टिअरिंगचे एकत्रित बल येत असल्याने तेथे ठोकळा सरकण्याचा धोका असतो.
* पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेणे. जिप्सी आणि सामुराई यांमध्ये पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खाली असतात. ते वर घेतल्यास अ‍ॅक्सलच्या नळीचा व्यास आणि पाट्यांच्या जुडीची जाडी मिळून सुमारे १२५ मिलिमीटर उंची एकदम मिळते. मात्र अ‍ॅक्सलवर नव्या बैठका अचूक कोनात वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगचा दांडा पाट्याला घासू नये म्हणून त्याची रचना बदलावी लागते आणि जोर लावताना अ‍ॅक्सल पाट्यासह पिळला जाण्याची प्रवृत्ती वाढते.

### कॉइल स्प्रिंग आणि टॉर्शन बार

१९८४ ते २००१ या काळात तयार झालेल्या जीप चेरोकीच्या पुढील अ‍ॅक्सलला कॉइल स्प्रिंग, नियंत्रण-दांडे आणि एक आडवा दांडा असतो. उंच स्प्रिंग घातल्यावर हा आडवा दांडा अधिक तिरपा होतो आणि अ‍ॅक्सलला एका बाजूस ओढतो. म्हणून त्याची लांबी जुळवून घ्यावी लागते.

२०१० साली आलेल्या महिंद्रा थारसारख्या वाहनांत पुढील चाके स्वतंत्र असून टॉर्शन बारवर तोललेली असतात. बार आवळून पुढची बाजू उचलता येते. मात्र त्यामुळे चाकाची खाली उतरण्याची हालचाल तेवढीच कमी होते आणि अर्ध-अ‍ॅक्सलचे सांधे कायम अधिक कोनात फिरून लवकर झिजतात.

### बॉडी लिफ्ट

चौकट व सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ सांगाडा उचलण्यास बॉडी लिफ्ट म्हणतात. यात सस्पेन्शनची भूमिती बदलत नाही आणि टायरला जागा मिळते; पण चौकट मूळ उंचीवरच राहते. गंजलेल्या सांगाड्यात बोल्टभोवतीचा पत्रा फाटण्याची शक्यता असते. चेरोकीप्रमाणे चौकट आणि सांगाडा एकसंध असलेल्या वाहनात ही पद्धत लागू पडत नाही.

## टायरची निवड

### माप

टायरवरील २०५/७० आर१५ या मापात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० ही बाजूच्या भिंतीची रुंदीशी टक्केवारी, आर म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सामुराईवर हे मूळ माप होते. ते आधार धरल्यास मोठ्या मापांचा परिणाम पुढीलप्रमाणे काढता येतो.

| टायरचे माप | व्यास (मिमी) | अ‍ॅक्सलखाली वाढलेली उंची (मिमी) | काटा ताशी ६० किमी दाखवत असताना खरा वेग (किमी) |
|---|---|---|---|
| २०५/७० आर१५ | ६६८ | ० | ६० |
| २१५/७५ आर१५ | ७०४ | १८ | ६३ |
| २३५/७५ आर१५ | ७३४ | ३३ | ६६ |
| ३१×१०.५ आर१५ | ७८७ | ६० | ७१ |

हे आकडे नाममात्र मापांवरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात भाराखाली टायर दबतो आणि उत्पादकानुसार व्यासात थोडा फरक पडतो. वेगमापकाचा काटा मूळ टायरला अचूक होता, असे येथे गृहीत धरले आहे.

### प्रकार

नक्षीनुसार टायरांचे तीन ढोबळ वर्ग पडतात. महामार्गी टायरची नक्षी दाट असते. ओल्या डांबरावर तो चांगला थांबतो, पण चिखलात त्याच्या खाचा लगेच भरतात. सर्वभूमी टायर रस्ता आणि कच्ची वाट यांचा मेळ घालतो. चिखली टायरचे ठोकळे मोठे व विरळ असल्याने फिरताना तो चिखल बाहेर फेकतो. त्याच कारणाने तो रस्त्यावर आवाज करतो, ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते आणि तो लवकर झिजतो.

रुंदीबाबत एकच नियम सांगता येत नाही. ज्या चिखलाखाली कठीण थर आहे तेथे अरुंद टायर चिखल कापून त्या थरापर्यंत पोहोचतो. सैल वाळूत मात्र भार पसरवणारा टायर उपयोगी पडतो. वाळूत आणि खडकांवर हवेचा दाब कमी करून टायरचा जमिनीशी संपर्क वाढवला जातो; डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी दाब पूर्ववत करणे आवश्यक असते, अन्यथा टायर तापून फुटू शकतो.

जुन्या वाहनांना अनेकदा जुनेच टायर मिळतात. टायरच्या भिंतीवरील चार अंकी संकेतातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेले व भेगाळलेले असू शकते.

## बदलांचे परिणाम

### स्थैर्य

वाहन उलटण्यास किती विरोध करते याचे एक साधे परिमाण म्हणजे दोन चाकांमधील आडवे अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. यास स्थिर स्थैर्यांक म्हणता येईल. उदाहरणादाखल, आडवे अंतर १,३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटर उंचीवर धरल्यास हा अंक १.०० येतो. लिफ्ट व टायर मिळून गुरुत्वमध्य ९० मिलिमीटर वर गेल्यास तो ०.८८ होतो. बाजूच्या उतारावर वाहन उलटण्याचा सैद्धांतिक कोन त्यामुळे ४५ अंशांवरून सुमारे ४१ अंशांवर येतो. स्प्रिंग व टायर दबत असल्याने प्रत्यक्षातील कोन याहूनही कमी असतो. मूळ अंक परत मिळवायचा तर आडवे अंतर १,४८० मिलिमीटर करावे लागेल. रिम बाहेर काढून थोडी भरपाई करता येते, पण त्याने चाकाच्या बेअरिंगवरील भार आणि स्टिअरिंगला बसणारे हिसके वाढतात.

अरुंद व उंच वाहनांच्या स्थैर्याचा प्रश्न सामुराईच्या निमित्ताने सार्वजनिक चर्चेत आला. १९८८ मध्ये अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नियतकालिकाने आपल्या चाचणीनंतर या वाहनाला 'अस्वीकारार्ह' ठरवले. सुझुकीने चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन १९९६ मध्ये दावा दाखल केला आणि २००४ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

### स्टिअरिंग

स्टिअरिंगचा आस वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो. या झुकावास कॅस्टर कोन म्हणतात. सायकलच्या पुढील काट्याप्रमाणेच त्यामुळे चाक वळणानंतर आपोआप सरळ होते. जिप्सीत पुढील शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ते लांब केल्यास अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर कमी होतो आणि वाहन वेगात सरळ रेषेत राहत नाही. पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवून हा कोन दुरुस्त करतात.

### प्रोपेलर शाफ्ट आणि गिअर

वाहन उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो. सांधे मर्यादेबाहेर वाकल्यास कंप आणि झीज होते. मोठ्या टायरमुळे एकूण गिअर गुणोत्तरही टायरच्या प्रमाणात 'उंच' होते: २३५/७५ टायरला सुमारे १० टक्के, तर ३१ इंची टायरला सुमारे १८ टक्के. कमी शक्तीच्या जुन्या इंजिनाला हा फरक चढावर लगेच जाणवतो. सामुराईची ट्रान्सफर पेटी गिअरपेटीपासून वेगळी असून तिची मूळ गुणोत्तरे १.४०९ आणि २.२६८ आहेत. तिच्यातील दंतचक्रे बदलून दोन्ही अ‍ॅक्सलचे गुणोत्तर एकाच ठिकाणी सुधारता येते, हा या रचनेचा मोठा फायदा होय.

### ब्रेक आणि चाकाची हालचाल

ब्रेकचे पिळबल तेच राहून टायरची त्रिज्या वाढली की जमिनीवर मिळणारे रोधबल घटते. २३५/७५ टायरच्या बाबतीत ही घट सुमारे ९ टक्के असते. जड टायर व रिम थांबवण्याचे काम वेगळेच. लिफ्टनंतर चाक खाली लोंबल्यावर ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. म्हणून लांब नळ्या बसवणे अनिवार्य ठरते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली अशा दोन्ही लांबी नव्या हालचालीशी जुळाव्या लागतात.

लिफ्ट केल्याने टायरला मिळणारी जागा चाक पूर्ण दबलेल्या स्थितीतही मिळते, असा एक समज आहे. बंप स्टॉप मूळचेच राहिले तर चाक पूर्वीइतकेच वर येते आणि मोठा टायर मडगार्डला घासतो. त्यासाठी बंप स्टॉप खाली आणावे लागतात किंवा मडगार्ड कापावे लागते.

## जुन्या वाहनाची पूर्वतपासणी

लिफ्टमुळे जुन्या भागांवरील ताण वाढतो, म्हणून आधी मूळ वाहन सुस्थितीत असावे लागते. पाट्यांच्या आधारांजवळ चौकटीला आलेला गंज व तडे, पाट्यांचे मधले बोल्ट, झिजलेले बुश, किंग पिनचे बेअरिंग, स्टिअरिंगच्या सांध्यांतील ढिलाई आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या तपासल्या जातात. किनारपट्टीवर चाललेल्या वाहनांत चौकटीचा गंज आतून पसरलेला असू शकतो. एकदा आवळलेले यू-बोल्ट ताणले गेलेले असल्याने पुन्हा वापरत नाहीत. नव्या बोल्टांची आवळणी काही अंतर चालल्यावर पुन्हा तपासली जाते. ढिल्या सांध्यांवर मोठे टायर बसवल्यास पुढील चाके जोराने थरथरण्याचा दोष उद्भवू शकतो.

## भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनात मूळ उंची राखून, उत्पादकाने मान्य केलेल्या मापाचे योग्य नक्षीचे टायर बसवणे आणि थकलेले पाटे व शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणे हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो.