आवाजाचे यंत्र घेताना आधी बैठक बघा, मग पैसे मोजा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. तेथे महादेवाचे देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्ही समाजांचे लोक येतात. आमच्यासारख्या कापडवाल्यांना अशा यात्रा म्हणजे धंद्याचे दिवस आणि कलावंतांनाही तसेच. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटके चालतात, उरुसात कव्वाली होते. या चार महिन्यांच्या कमाईवर कित्येक गायकांचे वर्ष निघते.

मी माल भरायला नागपूरला निघालो की यांच्यापैकी कोणी तरी हमखास विचारतो, "चाचा, आवाजाचे मशीन आणता का? इको, हार्मनी, लूप, सगळे एकात पाहिजे." दुकानदाराला हेच सांगितले तर तो सर्वांत महागडी वस्तू पुढे ठेवणार. एका तरुण कव्वालाने सीझनची शिल्लक अशा पेडलमध्ये घातली. ते आजही कपाटात पडून आहे. कारण काय, तर कव्वाल मांडी घालून बसतो आणि पेडल पायाने दाबायचे असते! म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

बैठक कशी?

बसून गाणाऱ्याने हाताने चालणारे, पेटीशेजारी ठेवता येईल असे यंत्र पाहावे. झाडीपट्टीचा नट मंचभर फिरतो. त्याचाही पाय पेडलवर राहणार नाही. त्याच्यासाठी यंत्र वादकाजवळ हवे आणि त्या वादकाला पदे पाठ हवीत. पायाचे पेडल उभे राहून एका जागी गाणाऱ्या ऑर्केस्ट्रा गायकालाच सोयीचे.

इको किती?

जपानच्या रोलँड कंपनीने १९७४ मध्ये टेपवर चालणारे स्पेस इको काढले. आता तेच काम छोट्या डिजिटल डब्यात होते. पण मैदानाला स्वतःचाही इको असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर दुसरा भोंगा लावला असेल, तर मंचाजवळच्या श्रोत्याला त्याचा आवाज साधारण पाव ते एकतृतीयांश सेकंद उशिरा येतो. त्यात यंत्राचा इको मिसळला की काफिया आणि रदीफ दोन्ही बुडतात. शेर समजला नाही तर दाद कोण देणार? नाटकातल्या संवादाचेही तेच.

तेव्हा बोलताना इको बंद, गाताना थोडासा. हे एका बटणाने होत असेल ते यंत्र चांगले. इकोचे अंतर तालाशी जुळवायचा हिशेब सोपा आहे. ६० हजारांना मिनिटाच्या मात्रांनी भागा. १२० मात्रांची लय असेल तर ५०० मिलिसेकंद. साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये इको आधीच असेल, तर दोन्ही एकदम चालवू नयेत. माईक शिट्टी मारतो, त्याचे एक कारण हेही आहे.

लूप कोणाला?

लूपर तुमचाच आवाज टिपून पुन्हापुन्हा वाजवतो. इंग्लंडच्या एड शीरनने २०१५ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर सलग तीन रात्री गिटार आणि लूप घेऊन एकट्याने कार्यक्रम केले. ते पाहून आपल्या पोरांना वाटते, चार हमनवांची बिदागी वाचेल.

येथे हिशेब चुकतो. लूपची लय ज्या गतीने भरली त्याच गतीने चालते. कव्वालीची लय मात्र चढत जाते. श्रोत्याने एखादा मिसरा उचलला की तो दहादा घ्यावा लागतो, मध्येच गिरह लावावी लागते. टाळी देणारा हमनवा कव्वालाच्या डोळ्याकडे पाहून चालतो. यंत्राला डोळे नाहीत. घरी रियाज करणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला लूपर जरूर उपयोगी आहे. हमनवाची जागा तो घेणार नाही.

आपोआप दुसरा सूर लावणाऱ्या हार्मनीचेही तसेच. तिला पट्टी आधी सांगावी लागते. साध्या सरळ धूनीत ती शोभते, मींड-मुरकीत गडबडते.

तार आणि वीज

माईकची तीन टाचण्यांची तार यंत्रात थेट बसते का, ते पाहावे. बॉसच्या आरसी-१ लूपरमध्ये १२ मिनिटांची नोंद मावते, पण तो मुळात गिटारसाठीचा आहे, माईक थेट लागत नाही. उलट त्याच कंपनीचे २०१३ साली आलेले आरसी-५०५ हे टेबलावर ठेवून हाताने चालवायचे यंत्र, त्यात माईकची सोय आहे. बॉसच्या व्हीई-२० या पेडलात माईकही लागतो, इको-हार्मनीही आहे, मात्र लूप फक्त ३८ सेकंदांचा.

अडॅप्टर यंत्राबरोबरचाच वापरावा. ९ व्होल्टच्या पेडलला किबोर्डचा १२ व्होल्टचा लावला किंवा धन-ऋण उलटे झाले, तर यंत्र जळू शकते. यात्रेत वीज जनरेटरची असते, म्हणून स्टॅबिलायझर जवळ असावा.

शेवटी व्यापाऱ्याची एक गोष्ट. कापड आम्ही हात लावून, उजेडात धरून घेतो. यंत्रही आपला माईक सोबत नेऊन, आपले पद गाऊन, सोबत्याला दूर उभे करून तपासावे. शब्द त्याला स्पष्ट कळले तर घ्यावे आणि पक्के बिल मागावे. बाकी पैसे हमनवांना द्यावेत. पुढच्या उरुसात टाळी तेच देणार आहेत.