दूरध्वनी यंत्रणा : एक खुलासा

अहवाल वर्षाच्या जमाखर्चात ‘दूरध्वनी यंत्रणा’ या शीर्षाखाली दाखविलेल्या रकमेविषयी काही देणगीदारांनी पृच्छा केली आहे. क्ष-किरण यंत्र डोळ्यांना दिसते, भिंतीआडची तार दिसत नाही. म्हणून हा खुलासा सविनय सादर करीत आहोत.

जळगाव जामोद व संग्रामपूरकडील खेड्यांतून नांदुऱ्यास दाखल होणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना रोज पूर्णा ओलांडून येणे शक्य नसते. शेतीची कामे आटोपल्यावर रात्री फोनवरच ते चौकशी करतात. गेल्या पावसाळ्यात अनेकांनी तक्रार केली की, रुग्णालयाचा फोन रात्रभर ‘एंगेज’ लागतो. प्रत्यक्षात त्या वेळी फोनवर कोणीही बोलत नसे.

आपल्या नव्या यंत्रात दोन प्रकारची कार्डे आहेत. बाहेरच्या एक्स्चेंजची लाइन ज्यात येते ते एफएक्सओ कार्ड आणि वॉर्डातील साधे फोन ज्यास जोडतात ते एफएक्सएस कार्ड. एफएक्सएस कार्ड छोट्या एक्स्चेंजप्रमाणे वागते. ते फोनला सुमारे ४८ व्होल्टचा वीजदाब पुरविते व घंटी वाजविते. एफएक्सओ कार्ड याउलट स्वतः फोनसारखे वागते. घंटी ओळखते व लाइन उचलते. दोन्हींची सॉकेटे सारखीच, दोन्हींना दोनच तारा. मात्र एफएक्सएसला चुकून एक्स्चेंजची लाइन जोडल्यास दोन वीजपुरवठे समोरासमोर येतात व कार्ड निकामी होऊ शकते. म्हणून आता प्रत्येक तारेस क्रमांकाची चिठ्ठी लावली आहे.

मूळ दोष मात्र जोडणीत नव्हता, संकेतात होता. आपण रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहतो आणि ठेवला की तुटतो, हे यंत्रास कळते. पलीकडच्या माणसाने फोन ठेवल्याचे कळविण्याची रीत मात्र एक्स्चेंजगणिक वेगळी असते. कोठे तारांची ध्रुवता उलटते, कोठे प्रवाह क्षणभर खंडित होतो, तर कोठे केवळ एंगेजचा सूर ऐकू येतो. आपल्या लाइनवर फक्त सूर येत असे. भारतात हा सूर ४०० हर्ट्झचा असून पाऊण सेकंद वाजतो व पाऊण सेकंद थांबतो. आपले कार्ड अमेरिकेच्या पद्धतीवर ठेवलेले होते. तेथे ४८० व ६२० हर्ट्झचे दोन सूर एकत्र, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने वाजतात. परिणामी, रात्री ध्वनिमुद्रित सूचना ऐकून नातेवाइकाने फोन ठेवला, तरी यंत्र लाइन धरूनच बसे. दोन्ही लाइन अशा अडकल्या की पुढच्या प्रत्येकास ‘एंगेज’!

देशाची नोंद ‘भारत’ अशी बदलताच दोष दूर झाला. त्यास एक रुपयाही लागला नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. वाणिज्य शाखेच्या माणसास ही नोंद तपासण्याचे सुचले नाही, हा दोष आमचा.

खर्च झाला तो अन्य कामांवर. टेलिफोनच्या तारा विजेच्या तारांपासून वेगळ्या नळीतून नेल्या. विजेच्या कडकडाटात कार्डे जळू नयेत म्हणून लाइनवर संरक्षक बसविले व अर्थिंग नव्याने केले. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व कोरडी पडून अर्थिंग दुबळे होते. तेव्हा वळवाच्या पावसापूर्वी त्या खड्ड्यात नियमित पाणी घालण्यात येते. तसेच अपघात विभागात एक वेगळी लाइन यंत्राविना थेट साध्या फोनला जोडली आहे. तिला एक्स्चेंजकडूनच वीज मिळत असल्याने रुग्णालयाची वीज गेली तरी तो फोन चालतो.

आता रोज रात्री ड्यूटीवरील सिस्टर आपल्या मोबाइलवरून रुग्णालयात फोन करून तो लागल्याची नोंद रजिस्टरात करतात. तरीही कोणास फोन न लागल्यास कार्यालयास अवश्य कळवावे. ज्या नातेवाइकांना त्या रात्री चिंतेत काढाव्या लागल्या, त्यांची आम्ही क्षमा मागतो.