अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकांचे भाकीत आणि दोन पक्षांची कोंडी

'मध्यावधी निवडणूक' हा शब्द आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु अमेरिकेविषयी बोलताना तो जपूनच वापरावा लागतो. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हणजे अवेळी आलेली निवडणूक. लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली म्हणजे ती येते. १९७१ साली ती आली, १९८० साली आली, आणि १९९८ व १९९९ साली तर लागोपाठ आली. अमेरिकेत नेमके उलट आहे. तेथली मध्यावधी निवडणूक पंचांगातील सणाप्रमाणे ठरल्या दिवशी येते. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची. ती अर्धी सरली, की नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी आणि सिनेटच्या शंभर जागांपैकी सुमारे एकतृतीयांश जागांसाठी मतदान होते. अध्यक्ष स्वतः उमेदवार नसतो आणि निकाल काहीही लागला तरी त्याचे पद जात नाही. तरीसुद्धा ह्या निवडणुकीकडे सारा देश अध्यक्षाची परीक्षा म्हणूनच पाहतो.

ह्या परीक्षेचा निकाल बहुधा आधीच ठाऊक असतो, ही तिची मौज आहे. अध्यक्षाचा पक्ष प्रतिनिधिगृहात जागा गमावतो. गेल्या शंभर वर्षांत ह्या नियमाला अपवाद घडले ते तीन : १९३४, १९९८ आणि २००२. फ्रँकलिन रूझवेल्टसारख्या लोकप्रिय अध्यक्षाचे उदाहरण घ्या. १९३६ साली दोन राज्ये वगळता सारा देश त्यांच्या मागे उभा राहिला. दोनच वर्षांनी, १९३८ च्या मध्यावधी निवडणुकीत, त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील सत्तरांहून अधिक जागा घालविल्या. बिल क्लिंटन ह्यांच्या पक्षाने १९९४ साली पन्नासांहून अधिक, बराक ओबामा ह्यांच्या पक्षाने २०१० साली ६३, आणि रिपब्लिकन पक्षाचे डोनल्ड ट्रंप अध्यक्ष असताना त्यांच्या पक्षाने २०१८ साली चाळीसच्या आसपास जागा गमावल्या. माणसे वेगळी, पक्ष वेगळे, धोरणे परस्परविरुद्ध. पण फळ एकच.

असे का व्हावे? ह्याचे एक उत्तर अँगस कँपबेल ह्या अभ्यासकाने १९६० साली दिले. अध्यक्षाच्या निवडणुकीत देशभर एक लाट उसळते. एरवी राजकारणापासून दूर राहणारी माणसेही त्या वेळी मतदानास बाहेर पडतात आणि विजयी अध्यक्षाबरोबर त्याच्या पक्षाच्या कितीतरी दुबळ्या उमेदवारांना तारून नेतात. दोन वर्षांनी लाट ओसरते, ही माणसे घरी राहतात आणि ते उमेदवार कोरडे पडतात. दुसरे उत्तर एडवर्ड टफ्ट ह्यांनी १९७५ साली मांडले. त्यांच्या मते मध्यावधी निवडणूक म्हणजे अध्यक्षाची लोकप्रियता आणि देशाची आर्थिक स्थिती ह्यांवर घेतलेले सार्वमत होय. ह्या दोन उत्तरांत मला एक साधी मानवी गोष्ट मिळवावीशी वाटते. समाधानी माणूस घरी बसतो. रागावलेला माणूस रांगेत उभा राहतो. अपवादांची तीन वर्षे पाहिली, तर त्या प्रत्येक वेळी रागाची दिशाच बदललेली दिसते. १९३४ साली महामंदीचा रोष मागच्या राजवटीवर होता. १९९८ साली क्लिंटन ह्यांच्यावर महाभियोग चालविण्याची घाई करणाऱ्यांवरच लोक वैतागले होते, आणि निकालानंतर काही दिवसांतच प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंगरिच ह्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. २००२ साली न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवरील हल्ल्याला जेमतेम एक वर्ष झाले होते.

दिशा सांगणे एवढे सोपे आहे. माप सांगणे मात्र महाकठीण. २०२२ साल हे त्याचे ताजे उदाहरण. त्या वर्षी जूनमध्ये महागाईच्या वाढीचा दर नऊ टक्क्यांवर गेला होता आणि अध्यक्ष जो बायडन ह्यांच्यावर बहुसंख्य लोक नाराज होते. रिपब्लिकन पक्षाची मोठी लाट येणार, असे भाकीत पुष्कळांनी केले. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील अवघ्या नऊ जागा गमावल्या आणि सिनेटमध्ये उलट एक मिळविली. त्याच जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता. त्यामुळे रागावलेली माणसे ह्या वेळी दोन्ही बाजूंस होती.

मापाची ही अडचण मुख्यतः कोण मतदानास येणार ह्या प्रश्नात आहे. २०१४ साली मताधिकार असलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्केच लोक आले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतील १९४२ नंतरची ही नीचतम संख्या. चारच वर्षांनी, २०१८ साली, सुमारे निम्मे लोक आले आणि मध्यावधी निवडणुकीतील तो शतकातला उच्चांक ठरला. कौल घेणाऱ्या संस्थांनी लोकांचे मत अचूक टिपले, तरी त्यांतील कोण घराबाहेर पडेल हे अटकळीनेच ठरवावे लागते. शिवाय मत सांगणारी माणसेच आता दुर्मिळ झाली आहेत. दूरध्वनीवरून कौल घेताना १९९७ साली शंभरांपैकी ३६ जण उत्तर देत. २०१८ साली हे प्रमाण सहावर आले, असा प्यू ह्या संशोधनसंस्थेचा अनुभव आहे. आणि मते बरोबर मोजली तरी जागा बरोबर येतीलच असे नाही. २०१२ साली प्रतिनिधिगृहासाठी देशभर डेमोक्रॅटिक उमेदवारांना सुमारे चौदा लाख मते अधिक मिळाली. जागा मात्र त्यांना २०१ आणि रिपब्लिकनांना २३४.

आकड्यांचा हा खेळ केवळ कुतूहलाचा विषय असता, तर त्यावर एवढा वेळ खर्चण्याचे कारण नव्हते. २०१४ च्या त्या निरुत्साही निवडणुकीत सिनेटचे बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे गेले. २०१६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अँटोनिन स्कॅलिया वारले. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड ह्यांचे नाव सुचविले. परंतु सिनेटने त्यांची साधी सुनावणीही घेतली नाही. जागा रिकामी राहिली आणि पुढच्या अध्यक्षाने ती २०१७ साली भरली. न्यायाधीशपद तेथे तहहयात असते. म्हणजे २०१४ साली जे घरी राहिले, त्यांच्या घरी राहण्याचा परिणाम एका पिढीच्या न्यायदानावर झाला.

आता ह्या सर्वांत मतदाराची स्थिती पाहा. अध्यक्षावर तो नाराज आहे. 'नको' म्हणण्याची संधी त्याला दर दोन वर्षांनी मिळते. पण त्या 'नको'ला शिक्का एकच आहे, तो म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचा. त्याला कदाचित दुसरा पक्षही नको असेल. कदाचित एका प्रश्नावर हा पक्ष आणि दुसऱ्या प्रश्नावर तो पक्ष त्याला पटत असेल. मतपेटीला हे कळत नाही. जिंकलेला पक्ष मात्र समजतो, की लोकांनी आपला सगळा कार्यक्रम मान्य केला. त्या समजुतीवर तो दोन वर्षे चालतो, आणि मग 'नको' म्हणण्याची पाळी त्याच्यावर येते. स्वतःला कोणत्याही पक्षाचे न म्हणविणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण अलीकडच्या काळात गॅलप संस्थेच्या पाहणीत चाळीस टक्क्यांच्या वर गेले आहे. तिसरा पक्ष हवा असे म्हणणारे तर २०२३ साली साठ टक्क्यांहून अधिक होते. तरीही तिसरा पक्ष उभा राहत नाही.

ह्याचे कारण अमेरिकनांच्या स्वभावात शोधू नये. ते मतमोजणीच्या रीतीत आहे. एका मतदारसंघातून एकच सदस्य आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, अशी रीत असली, की लहान पक्षाला दिलेले मत वाया जाईल ह्या धास्तीने मतदार दोन मोठ्यांपैकी एकाकडे वळतो. मॉरिस द्यूव्हेर्जे ह्या फ्रेंच पंडिताने हा सिद्धांत १९५१ साली मांडला. आपणही हीच रीत स्वीकारली आहे, मग आपल्याकडे एवढे पक्ष कसे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बेळगावच्या आणि गोव्याच्या वाचकांना दुसऱ्याने सांगावयास नको. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार बेळगाव भागातून विधानसभेत अनेकदा निवडून गेले. गोव्यात १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. देशाच्या हिशेबात ह्या पक्षांची मते चिमूटभर. पण ती एका जागी साचलेली होती. अमेरिकेतही हाच अनुभव आहे. जॉर्ज वॉलेस ह्यांना १९६८ साली अध्यक्षपदासाठी साडेतेरा टक्के मते मिळाली, ती बहुतेक दक्षिणेत. म्हणून अध्यक्षाची निवड करणाऱ्या निर्वाचकांपैकी ४६ त्यांच्या वाट्यास आले. रॉस पेरो ह्यांना १९९२ साली सुमारे एकोणीस टक्के मते पडली, पण ती देशभर विखुरलेली होती. त्यांना एकही निर्वाचक मिळाला नाही. २००० साली फ्लॉरिडात दोन प्रमुख उमेदवारांमध्ये अवघ्या ५३७ मतांचे अंतर राहिले आणि राल्फ नेडर ह्यांना तेथे सुमारे ९७ हजार मते पडली होती. तेव्हापासून तिसऱ्या उमेदवाराचे नाव निघाले, की 'मते खाणारा' ही शिवी त्याच्या आधी येऊन बसते.

कोंडी आणखी घट्ट होते ती मतदारसंघांच्या रेषांमुळे. ४३५ पैकी खरी चुरस होते अशा जागा चाळीस-पन्नासांच्या पलीकडे क्वचितच जातात. बाकीच्या कोणत्या तरी एका पक्षाच्या हक्काच्या. अशा जागी नोव्हेंबरचे मतदान हा उपचार असतो. खरी निवड त्याआधी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होऊन गेलेली असते. ह्याचे उदाहरण आपल्या घरचे आहे. चिकोडीस जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार (श्री हे त्यांचे नावच आहे) २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीत मिशिगन राज्यातील डेट्रॉइट भागातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. नोव्हेंबरात त्यांना सत्तर टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. पण खरी झुंज ऑगस्टमधील डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत झाली होती. तेथे रिंगणात नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले. ह्यात त्यांच्याकडे बोट दाखविण्याजोगे काही नाही. नियमच तसा आहे. परंतु एका पक्षाच्या थोड्या मतदारांनी ऑगस्टमध्ये जे ठरविले, ते साऱ्या मतदारसंघाला नोव्हेंबरात मान्य करावे लागते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

रेषा आखतात ते बहुतेक राज्यांत तेथले सत्ताधारीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले, की पक्षहितासाठी केलेल्या आखणीचा न्याय संघराज्याच्या न्यायालयांनी करावयाचा नाही. पूर्वी ही आखणी बहुधा दहा वर्षांच्या जनगणनेनंतर होई. २०२५ साली टेक्सासने मधेच नवा नकाशा केला, तो रिपब्लिकन पक्षाला पाच जागा अधिक मिळाव्यात म्हणून, आणि ते लपविलेही नाही. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी नोव्हेंबरात सार्वमत घेऊन त्याला उलट नकाशाने उत्तर दिले. भाकीत करणाऱ्याला पूर्वी मतदाराचे मन ओळखावे लागे. आता आधी नकाशा पाहावा लागतो.

ह्यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही, आणि एकसदस्य मतदारसंघांची सक्तीही घटनेची नव्हे, १९६७ च्या एका साध्या कायद्याची आहे. तो बदलून मोठे, बहुसदस्य मतदारसंघ करता येतील. पण तो कायदा बदलणार कोण? त्याच्याच जोरावर निवडून आलेले दोन पक्ष. म्हणून सुधारणेचे प्रयत्न राज्याराज्यांत, लोकांच्या सार्वमतांतून चालू आहेत. त्यांतील मुख्य म्हणजे पसंतिक्रमाचे मतदान. ते आपल्याला नवे नाही. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच विजयी झाले होते. मेन राज्याने २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीत ही रीत वापरली. एका मतदारसंघात रिपब्लिकन सदस्य ब्रूस पोलिक्विन पहिल्या मोजणीत किंचित पुढे होते, पण त्यांना निम्मी मते नव्हती. दोन अपक्षांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचे जॅरेड गोल्डन सुमारे साडेतीन हजार मतांनी निवडून आले. पोलिक्विन न्यायालयात गेले. न्यायालयाने निकाल कायम ठेवला. अपक्षाला मत देऊनही ते वाया गेले नाही, असे त्या मतदारसंघातील काही हजार लोकांना त्या दिवशी म्हणता आले.

२०२४ साली मात्र कॉलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा आणि ऑरेगन ह्या चार राज्यांनी पसंतिक्रमाचा प्रस्ताव फेटाळला. मतपत्रिका किचकट होते, निकाल लांबतो, हे आक्षेप होते, आणि ते अगदीच पोकळ म्हणता येत नाहीत. अलास्कात २०२२ साली ह्या रीतीने डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेरी पेल्टोला निवडून आल्या, तेव्हा ही रीत त्यांच्याच सोयीची असल्याची तक्रार झाली. २०२४ साली त्याच रीतीने त्या रिपब्लिकन उमेदवार निक बेगिच ह्यांच्याकडून हरल्या. त्याच दिवशी ही रीत रद्द करण्याच्या प्रस्तावावरही अलास्काचे मतदान झाले. तीन लाखांहून अधिक मते पडली आणि ती रीत हजाराहूनही कमी मतांनी वाचली.